कशानं गेले?

माणूस गेल्याचं कळलं की पहिली हळहळ ओसरल्यावर हाच प्रश्न येतो. उत्तरंही ठरलेली असतात: अटॅक आला, शुगर होती, वय झालं होतं. भेटायला आलेल्यांना तेवढं पुरतं, सरकारदप्तरी पुरत नाही. रुग्णालयात मृत्यू झाला की डॉक्टरला ‘नमुना ४’ भरावा लागतो. दिसायला साधा फॉर्म आहे, पण त्याच्या ओळींच्या रचनेमागे दोनशे वर्षांची भांडणं आहेत.

एक उदाहरण घेऊ. बासष्ट वर्षांचे गृहस्थ, वीस वर्षांपासून मधुमेह. पायाला जखम झाली, ती चिघळली, गँगरीन झालं, जंतुसंसर्ग रक्तात पसरला आणि शेवटी हृदय थांबलं. नमुन्याच्या पहिल्या भागात एकाखाली एक ओळी असतात. सर्वांत वर तात्काळ कारण लिहायचं, त्याखाली ते ज्यामुळे झालं ते, आणि तळाशी जिथून साखळी सुरू झाली ते. म्हणजे वर सेप्टिसीमिया, मध्ये गँगरीन, खाली टाइप २ मधुमेह. दुसऱ्या भागात उच्च रक्तदाबासारख्या साथ देणाऱ्या गोष्टी. हृदय थांबल्याचा उल्लेख कुठेच करायचा नाही, कारण ते प्रत्येकाचंच थांबतं. हा कागद पुढे निबंधक कार्यालयात जातो, तिथला कोडर तळाची ओळ पाहतो आणि ई ११.५ हा कोड देतो. वरच्या दोन्ही ओळी वेगळ्या मोजल्या जात नाहीत. राज्याच्या तक्त्यात हे गृहस्थ मधुमेहाचा एक बळी म्हणून मोजले जातात.

आता हाच फॉर्म रात्री तीन वाजता, सलग ड्यूटीवर असलेल्या निवासी डॉक्टरनं भरला असं धरा. नातेवाईक बाहेर ताटकळलेत, ‘बॉडी कधी देताय’ म्हणून वॉर्डबॉय दोनदा येऊन गेलाय. पहिल्या ओळीत ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ असं लिहिलं जातं आणि खालच्या ओळी कोऱ्या राहतात. खोटं कुणीच लिहिलेलं नाही. पण मधुमेह, जखम, गँगरीन सगळं पुसलं गेलं आणि उरलं काय, तर माणूस मेला म्हणून मेला. जागतिक आजारभाराचा अभ्यास करणारे संशोधक अशा नोंदींना सरळ ‘गार्बेज कोड’ म्हणतात. शब्द उद्धट आहे, पण योग्य आहे.

एका मृत्यूला एकच मूळ कारण, हा नियम निसर्गानं घालून दिलेला नाही. तो माणसांनी ठरवला, आणि विशिष्ट हेतूनं ठरवला. साखळी तोडायची तर ती जिथे सुरू होते तिथे तोडणं सोपं, म्हणून तळाची ओळ मोजायची. आजारांच्या वर्गीकरणाची सगळी गोष्ट अशीच आहे. कप्पे पाडणाऱ्याला काय शोधायचं होतं, ते कळल्याशिवाय कप्प्यांचा अर्थ लागत नाही.

सतराव्या शतकातल्या लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंची छापील यादी निघायची. तिचा मुख्य हेतू प्लेग वाढतोय का, हे कळणं. ते कळलं की श्रीमंतांना शहर सोडून जायची वेळ ठरवता येई. कारण ठरवायचं काम प्रत्येक परगण्यात नेमलेल्या म्हाताऱ्या बायकांकडे होतं. त्या प्रेत पाहून यायच्या आणि सांगतील ते लिहिलं जायचं. यादीत क्षय आहे, देवी आहे, तसंच ‘दात’ आहे (दात येण्याच्या वयात गेलेली बाळं), ‘भय’ आहे, ‘दुःख’ आहे आणि चक्क ‘ग्रह’ही आहे. १६३२ च्या यादीत ग्रहांच्या नावावर तेरा मृत्यू जमा आहेत. जॉन ग्राँट नावाच्या एका व्यापाऱ्यानं या याद्या वर्षानुवर्षांच्या एकत्र केल्या आणि १६६२ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्याच्या नजरेला एक गंमत पडली. ‘फ्रेंच रोग’, म्हणजे सिफिलिस, यानं मेलेले लोक जवळजवळ फक्त दोनच परगण्यांत सापडत होते. बाकीचं लंडन इतकं सोवळं असणं शक्य नव्हतं. पेलाभर दारू पाजली आणि हातावर चार पैसे ठेवले की म्हाताऱ्या क्षय लिहून देतात, असा निष्कर्ष त्यानं काढला. मृत्यूच्या कारणाची नोंद आणि घराण्याची अब्रू यांचं नातं तेव्हापासूनचं आहे. एचआयव्हीच्या काळात आपणही ते पाहिलं.

पुढच्या शतकात वनस्पतिशास्त्राचं वारं आलं. फ्रान्समधल्या मोंपेल्ये इथल्या फ्रान्स्वा बोस्ये द सोवाज या वैद्यानं आजारांची झाडाझुडपांसारखी वर्ग, गण, जात अशी मांडणी केली: दहा वर्ग आणि सुमारे २,४०० आजार. लिनियसनंही तो खेळ खेळून पाहिला. यात दिसणाऱ्या लक्षणांनाच आजार धरलेलं असल्यामुळे ताप हा एक आजार, खोकला दुसरा. ग्रंथालयात शोभून दिसेल असं काम, पण मोजणीला निरुपयोगी.

मोजणीची गरज खरी उभी राहिली ती १ जुलै १८३७ रोजी, इंग्लंड-वेल्समध्ये नागरी नोंदणी सुरू झाली तेव्हा. या खात्यात विल्यम फार नावाचा डॉक्टर आकडेवारी सांभाळायला आला आणि पुढची चाळीस वर्षं तिथेच राहिला. फारनं आजारांचे पाच मोठे गट पाडले: साथीचे, सर्व शरीराला ग्रासणारे, एकेका अवयवाचे, वाढीशी निगडित, आणि इजा-हिंसेचे. साथीचे आजार त्यानं मुद्दाम पहिल्या गटात ठेवले. कॉलरा, देवी, टायफस यांनी मरणाऱ्यांचे आकडे वाड्यावाड्यांनुसार, आठवड्याआठवड्यानं पुढे ठेवले, तर गटारं बांधायला सरकार हलेल, असा त्याचा हिशेब होता. कॉलऱ्याचं खरं कारण त्याला तेव्हा ठाऊक नव्हतं. दूषित हवा हेच कारण असं तो बराच काळ मानत होता. तरीही त्याचे कप्पे कामाला आले, कारण चुकीच्या उपपत्तीनं पाडलेले कप्पेसुद्धा प्रामाणिकपणे भरले तर पुढे ती उपपत्ती खोडून काढायला उपयोगी पडतात.

फारच्या पहिल्याच अहवालात एक ओळ होती, जिच्यावरून वादळ उठलं. १८३७ च्या उत्तरार्धात ६३ माणसं उपासमारीनं मेली, असं त्यानं छापलं. ‘पुअर लॉ’ आयोगाचा सचिव एडविन चॅडविक भडकला. गरिबांना घरबसल्या मदत बंद करून त्यांना वर्कहाउसमध्ये ढकलणारा १८३४ चा कायदा त्याच्याच खात्याचा. त्या कायद्याच्या राज्यात माणूस भुकेनं मेला हे सरकारी अहवालात यावं? चॅडविकनं त्या ६३ नोंदी एकेक करून तपासल्या आणि ही खरी उपासमार नाहीच, असं दाखवायचा आटापिटा केला. फारचं उत्तर होतं की ६३ हा आकडा उलट कमीच आहे. भूक स्वतःच्या नावानं क्वचितच मारते. ती माणसाला पोखरून ठेवते आणि मग ताप किंवा जुलाब येऊन नाव त्यांचं होतं.

हे वाचताना मेळघाट आठवला नाही, असा महाराष्ट्रातला वाचक विरळा. कोरकू पाड्यावरचं सहा किलोंचं दीड वर्षाचं पोर पावसाळ्यात न्यूमोनियानं गेलं, तर ते कशानं गेलं? विधिमंडळात, उच्च न्यायालयात, वर्तमानपत्रांत हा वाद गेली तीस वर्षं त्याच दोन बाजूंनी चालू आहे. एक बाजू म्हणते कुपोषण, दुसरी म्हणते आजार. आजच्या यादीत तीव्र कुपोषणाला ई ४० पासून पुढचे कोड आहेत, आणि निव्वळ अन्न न मिळण्यालाही एक्स ५३ हा स्वतंत्र कोड आहे. म्हणजे कप्पा आहे. तो भरायला जे धैर्य लागतं, ते फॉर्ममध्ये छापून येत नाही.

फारची यादी इंग्लंडची. इतर देशांशी तुलना करायची तर सर्वांची यादी एक हवी. १८५३ मध्ये ब्रुसेल्सला भरलेल्या सांख्यिकी परिषदेनं हे काम फार आणि जिनिव्हाचा मार्क देस्पिन या दोघांवर सोपवलं. दोन वर्षांनी पॅरिसला दोघं दोन वेगळ्या याद्या घेऊन आले. फार शरीरातल्या जागेवर भर देणारा, देस्पिन आजाराच्या प्रकृतीवर. परिषदेनं दोघांचं मन राखून १३९ नोंदींची मिश्र यादी मंजूर केली आणि ती कुणीच मनापासून वापरली नाही. समितीनं पाडलेल्या कप्प्यांचं हे असं होतं.

कोंडी फोडली ती पॅरिस शहराच्या सांख्यिकी विभागाचा प्रमुख जॅक बर्तियाँ यानं. हे घराणंच मोजणीचं होतं. आजोबांनी ‘डेमोग्राफी’ हा शब्द रूढ केला. भाऊ आल्फोन्स पॅरिस पोलिसांत गुन्हेगारांची मापं घेऊन त्यांची ओळख पटवायची पद्धत शोधत होता. एक भाऊ चोरांना कप्प्यांत बसवत होता, दुसरा मरणाऱ्यांना. जॅकची यादी १८९३ मध्ये शिकागोला आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेपुढे आली आणि तिथून देशामागून देशांनी ती उचलली. १९०० मध्ये पॅरिसला २६ देशांनी मिळून तिची पहिली सुधारणा केली आणि साधारण दर दहा वर्षांनी ती सुधारायची असं ठरलं. १९४८ ची सहावी सुधारणा नव्यानं स्थापन झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या हाताखाली झाली. तेव्हापासून यादी केवळ मरणाची राहिली नाही, जगणाऱ्यांच्या आजारांचीही झाली. आयसीडी हे तिचं आजचं नाव. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली आणि आपल्याकडचे बहुतेक कागद आजही तिच्यावरच चालतात. अकरावी १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. तीतही पहिला कोड कॉलऱ्याचाच. फारनं साथींना पहिल्या रांगेत बसवलं, तिथून त्यांना अजून कुणी उठवलेलं नाही.

फार आणि बर्तियाँ यांच्या काळात मुंबई इलाख्यात काय चाललं होतं? गावात कुणी मेलं की ते पाटलाच्या कानावर जायचं आणि तिथून नोंद वर सरकायची. कप्पे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके: कॉलरा, देवी, ताप, पोटाचे विकार, इजा, आणि बाकी सारं. साहजिकच सगळ्यात गलेलठ्ठ कप्पा ‘ताप’. हिवताप, विषमज्वर, न्यूमोनिया, बाळंतरोग, जे कळलं नाही ते तापात. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरनं प्लेगचं निदान केलं. एकदा प्लेगचा कप्पा तयार झाल्यावर सरकारनं घराघरांत शिरून रोगी शोधले. पुढचा पुण्याचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे.

आता कोडची रचना जरा जवळून पाहू. आयसीडी-१० मध्ये पहिलं अक्षर साधारणपणे प्रकरण सांगतं, पुढचे दोन अंक आजार आणि टिंबानंतरचा अंक बारकावा. एक्स हे अक्षर बाह्य कारणांचं आहे: आग, साप, विंचू, विष. यातले कीटकनाशकाचे कोड पाहा. अपघातानं विषबाधा झाली तर एक्स ४८. स्वतःहून घेतलं तर एक्स ६८. दुसऱ्यानं दिलं तर एक्स ८७. हेतू ठरवता आला नाही तर वाय १८. औषध तेच, तडफड तीच, उलटीला येणारा वासही तोच. शरीराकडे बघून या चारांतला एकही कोड देता येत नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-मजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. ते एक्स ४८. पण याच जिल्ह्यात वर्षानुवर्षं घराच्या आढ्याला अडकवलेली तीच बाटली दुसऱ्या कारणानंही उघडली जाते. घरच्यांचा जबाब, पोलिसांचा पंचनामा, डॉक्टरची नोंद, सगळ्यांचं लक्ष त्या एका प्रश्नावर: चुकून की मुद्दाम? अपघात ठरला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून दोन लाख. आत्महत्या ठरली तर ती योजना बंद, आणि मग कर्ज, सातबारा, नापिकी तपासून ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरणार, पात्र झाली तर एक लाख. मदतीचा निर्णय कोडवरून होत नाही, हे खरं. पण कोड आणि मदत एकाच प्रश्नाच्या उत्तराला बांधलेले आहेत, आणि ते उत्तर देणारा माणूस बहुधा नुकताच विधवा झालेला असतो. शेतकरी आत्महत्यांच्या आकड्यांवर हिरिरीनं बोलणाऱ्यांनी, दोन्ही बाजूंच्या, हे लक्षात ठेवावं.

कप्पे कायमचेही नसतात. समलैंगिकता आयसीडीच्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये विकार म्हणून होती. १७ मे १९९० रोजी दहावी आवृत्ती मंजूर झाली आणि ती यादीतून गेली. एका ठरावानं जगभरातली असंख्य माणसं आजारी असायची थांबली. पक्षाघात दहाव्या आवृत्तीत हृदय-रक्तवाहिन्यांच्या प्रकरणात होता, अकराव्यात मज्जासंस्थेकडे आला. मेंदूच्या डॉक्टरांनी त्यासाठी बरीच खटपट केली होती. आजार तिथेच आहे, फक्त तो कुणाच्या खात्यात मोजायचा आणि त्यावरचा पैसा कुठल्या विभागाकडे जायचा, ते बदललं.

पैशाचा विषय निघालाच आहे. १९८३ मध्ये अमेरिकेनं ज्येष्ठांच्या सरकारी विम्यात रुग्णालयांना निदानाच्या गटानुसार ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. निदानाचा कोड म्हणजे बिलाचा आकडा झाला. साहजिकच निदानं गंभीर होऊ लागली. एक वरचा कोड लावला की रक्कम वाढते, या युक्तीला तिकडे ‘अपकोडिंग’ असं स्वतंत्र नाव आहे. बिलासाठी बारकावा हवा म्हणून अमेरिकेनं आयसीडीची आपली आवृत्ती इतकी फुगवली, की १ ऑक्टोबर २०१५ रोजी ती लागू झाली तेव्हा तीत सुमारे ६८ हजार कोड होते. बदकानं धडक दिली तर एक कोड, बदक चावलं तर दुसरा. विमानाच्या इंजिनात ओढला गेला त्यालाही कोड आहे, आणि तोच माणूस पुन्हा तपासणीला आला तर त्याचा वेगळा. असा माणूस पुन्हा तपासणीला येईल हा आशावाद कौतुकास्पद आहे. हे कोड लावायचं बरंचसं काम भारतात होतं. बीएस्सी, बीफार्म, बीएचएमएस झालेली कितीतरी मराठी मुलं-मुली पुण्यात, नवी मुंबईत बसून ओहायो किंवा टेक्सासमधल्या कुणाचा गुडघा डावा की उजवा ते ठरवत असतात.

आपल्याकडेही आरोग्यविम्याच्या दाव्याच्या फॉर्मचा ‘ब’ भाग रुग्णालय भरतं, आणि त्यात मुख्य निदान, जोडीचे आजार यांच्यासमोर आयसीडी-१० चा रकाना असतो. कॅशलेस अडकलं की टीपीएच्या खिडकीशी होणारी हुज्जत पुष्कळदा या रकान्याचीच असते. मुख्य निदान काय आणि आधीपासूनचा आजार काय, हे तिथे ठरतं. मोजणीसाठी तयार झालेल्या यादीला पैशाच्या कामाला जुंपलं की दोन्ही कामं थोडी बिघडतात, असं माझं मत आहे. फारला खरं कारण हवं होतं. बिल लिहिणाऱ्याला मंजूर होणारं हवं असतं.

भारताची अडचण मात्र अति कोडांची नाही. देशात २०२० मध्ये सुमारे ८१ लाख मृत्यूंची नोंद झाली. त्यांपैकी डॉक्टरनं कारण प्रमाणित केलेले १८ लाखांच्या आसपास, म्हणजे २२.५ टक्के. गोव्यात जवळपास सगळ्याच नोंदींना असं प्रमाणपत्र असतं. देशाच्या बाकी मोठ्या भागात माणूस घरी जातो आणि ग्रामपंचायतीच्या नोंदीत घरचे सांगतील ते कारण येतं, किंवा येतच नाही.

यावर महानिबंधकांच्या नमुना नोंदणीच्या (निवडक वस्त्यांतल्या जन्म-मृत्यूंच्या नियमित नोंदीच्या) आधारानं एक प्रयोग झाला. टोरांटोचे प्रभात झा आणि भारतीय सहकाऱ्यांनी त्यातून ‘मिलियन डेथ स्टडी’ उभा केला. प्रशिक्षित कार्यकर्ते मृत्यू झालेल्या घरी जायचे आणि शेवटच्या आजारपणाची हकिगत विचारायचे: ताप किती दिवस होता, धाप लागायची का, अंगावर सूज होती का. ती हकिगत दोन डॉक्टर एकमेकांना न दाखवता वाचायचे आणि आयसीडीचा कोड द्यायचे. मतं जुळली नाहीत तर तिसरा ज्येष्ठ डॉक्टर निवाडा करायचा. पद्धतीत त्रुटी आहेत. ताप हा जुना गलेलठ्ठ कप्पा इथेही त्रास देतो, आणि हिवतापाच्या आकड्यावरून या अभ्यासाचं जागतिक आरोग्य संघटनेशी चांगलंच वाजलं.

सर्पदंशाच्या बाबतीत मात्र संशयाला जागा कमी. साप चावला हे घरच्यांना पक्कं ठाऊक असतं, ते विसरतही नाहीत. त्यासाठी एक्स २० हा कोड आयसीडी-१० मध्ये तयारच होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार २००५ या एका वर्षात भारतात सुमारे ४६ हजार माणसं सर्पदंशानं मेली. रुग्णालयांच्या अधिकृत आकड्यांच्या हे तीस पटींहून जास्त. त्यांतले ९७ टक्के ग्रामीण भागातले, आणि मृत्यूंचा जोर जून ते सप्टेंबर या पेरणी-खुरपणीच्या महिन्यांत. रुग्णालयात पोचण्याआधीच माणसं जात होती, म्हणून रुग्णालयांच्या वह्यांत ती नव्हती.

या आकड्यावर पुढे हालचाल झाली, सावकाश का होईना. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या अग्रक्रमाच्या यादीत घेतलं. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यांना पत्र लिहिलं की सर्पदंशाचे रुग्ण आणि मृत्यू यांची नोंद सक्तीची करा. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक दवाखान्यानं ती कळवायची आहे. दवाखान्यापर्यंत न पोचलेल्यांची मोजणी अजून गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या भरवशावर आहे.